बिनसाखरेचा कांदा

कांद्याचं झटपट लोणचं करायला मला दूध तापवायला लागतो तेवढाच वेळ लागतो. कांदे उभे चिरायचे, पाकळ्या सुट्या करायच्या, मीठ लावून हाताने चोळायचे. कांदा नरम पडून पाणी सोडू लागला की लिंबू पिळायचं, भाजलेलं जिरं भरडून घालायचं, हिरव्या मिरचीचे दोन तुकडे टाकायचे आणि बरणीत भरून झाकण लावायचं. सकाळी केलं की दुपारच्या भाकरीला तयार. सुटलेलं पाणी फेकायचं नाही, खरी चव त्यातच असते. बायका खातात, कृती विचारतात, मी सांगते, आणि सगळं ऐकून घेतल्यावर एखादी हटकून म्हणतेच, यात चिमूटभर साखर नाहीतर गुळाचा खडा हवा होता. तेव्हा माझं डोकं फिरतं. नको म्हणजे नको, असं मी तोडून टाकते. एवढ्याशा गोष्टीवरून आई अंगावर का येतात, असं सुना आपसात बोलतात. त्यांना कळणार तरी कसं, मी कधी सांगितलंच नाही.

लग्न होऊन मी राहुरीच्या बाजूला एका मळ्यात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. घरात सासू-सासरे आणि मी; नवरा नगरजवळच्या नागापूरला एका वर्कशॉपात कामाला, तो आठवड्याला यायचा. सासरे गुळवे होते, म्हणजे रसाचा गूळ उतरवणारे. विहिरीच्या पाण्यावर उसाचं रान, कडेला आमचं गुऱ्हाळ, आणि गुऱ्हाळात शेवटचा शब्द त्यांचा. काहिलीत रस आटत आला की ते शेजारच्या बादलीत हात बुडवायचे, तोच ओला हात उकळत्या पाकात घालायचे, बोटांवर पाक उचलून पुन्हा पाण्यात धरायचे. त्याची गोळी मनासारखी वळली की म्हणायचे, उतरवा. त्या शब्दासाठी सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत थांबलेले असायचे. दुसऱ्या गुऱ्हाळांवरूनही त्यांना बोलावणी यायची. साखर कारखान्याचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. यंत्रातून पडते ती साखर, तिला माणसाचा हात लागत नाही, ती खायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे चहा गुळाचा. साखरेचा डबा होता, पण तो पाहुण्यांपुरता.

त्या वर्षीच्या शेवटच्या आधणाला, म्हणजे रसाची शेवटची काहील चढली तेव्हा, मी तिथेच होते. सासरे काहिलीखालच्या चुलवणाच्या तोंडाशी अनवाणी उभे होते, नजर काहिलीत. मला जळका वास आला. आधी वाटलं चिपाडाचा असेल. मग खाली बघितलं तर त्यांच्या अंगठ्याखाली निखारा. मी ओरडले तेव्हा त्यांनी पाय उचलून पाहिला, दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसा. त्यांना दुखलंच नव्हतं. निखारा झटकून त्यांनी पुन्हा पाकात हात घातला, आणि तो गूळ उतरल्यावरच ते खाली बसले. सासूबाईंना त्याचं कौतुक वाटलं. यांचं सोसणंच तसं आहे, असं त्या कितीतरी दिवस आल्यागेल्याला सांगत होत्या. खरं सांगायचं तर कौतुक मलाही वाटलं.

महिना झाला तरी जखम भरेना, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि विचारलं, लघवीच्या जागी मुंग्या लागतात का. सासूबाई म्हणाल्या, लागतात, गोठ्यामागे रोज राख टाकावी लागते. डॉक्टरांनी लघवी तपासली, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, साखरेचा आजार आहे. साखर पूर्ण बंद, चहासुद्धा बिनसाखरेचा. आजार आटोक्यात आला की मुंग्याही जातील. पण जखम अशीच राहिली तर पाय काढावा लागेल. बाहेर बाकांवर पेशंट दाटीवाटीने बसलेले होते. सासूबाईंनी मान डोलावली. मी डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांच्यामागे उभी होते. सासऱ्यांसमोर सुनेने डॉक्टरला काही विचारायची आमच्याकडे रीत नव्हती.

घरी येताच सासूबाईंनी साखरेचा डबा रिकामा केला आणि घासून पालथा घातला. त्या दिवसापासून आमच्या घरात साखरेचा एक कण आला नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. कुणाच्या बारशाचा पेढा आला तरी सासूबाई उंबऱ्याबाहेरच वाटून टाकायच्या. चहा मात्र नेहमीसारखा गुळाचाच. त्यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही. गूळ आमच्या घरचा, सासऱ्यांच्या हातचा. उन्हातून आलेल्याला आम्ही गूळपाणी द्यायचो, बाळंतिणीला द्यायचो, खोकल्याला द्यायचो. साखर ती साखर आणि गूळ तो गूळ, इतकं ते आम्हाला उघड दिसत होतं.

मग दुष्काळ पडला. आदल्या साली पाऊस ओढलेलाच होता, त्या साली तो आलाच नाही. विहिरीचा तळ दिसला, ऊस उभा वाळला, बैल छावणीत गेले. गुऱ्हाळाच्या चुलवणात कुत्री झोपू लागली. सासरे सकाळी लंगडत तिथपर्यंत जायचे, काहिलीवर टाकलेलं गोणपाट सारखं करायचे आणि परत यायचे. घरात गूळ उरला तो एकच, शेवटच्या आधणाची ढेप, ज्या आधणाला त्यांचा पाय भाजला होता. मी आणि सासूबाईंनी न बोलताच ठरवून टाकलं, की ही ढेप फक्त मामांसाठी; सासऱ्यांना मी मामा म्हणायची. आम्ही दोघी अगोड काळा चहा प्यायला लागलो.

खायला रेशनवरची लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही, आणि सासरे जेवणाचे आधीच नाजूक झालेले. अर्धी भाकरी खाऊन ताट सारायचे. माळ्यावर कांदा होता, आणि विहिरीजवळ एक लिंबाचं झाड होतं, ते आम्ही भांडी धुतलेल्या पाण्यावर जगवलं होतं. मी कांद्याचं लोणचं केलं. पहिल्या दिवशी त्यांनी एक फोड खाल्ली आणि नुसतं आंबट लागतंय म्हणून बाजूला केली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ढेपेचा एक खडा फोडून माझ्या हातावर ठेवला. तो मी कांद्याच्या पाण्यात विरघळवला. त्या दुपारी सासऱ्यांनी दीड भाकरी खाल्ली आणि बोटं चाटून म्हणाले, "पोरी, बेस झालाय गं कांदा."

ते कौतुक मला फार गोड लागलं. माहेरी मी स्वयंपाकात आळशी म्हणून बोलणी खाल्लेली. आता मी रोज सकाळी कांदा करू लागले, आणि खडा हळूहळू मोठा होत गेला, कारण मोठ्या खड्याने भाकरी जास्त जायची. शेजारणींना मी तोऱ्यात सांगायची, आमच्या मामांना पथ्य आहे, त्यांच्यासाठी बिनसाखरेचा कांदा करते. दोघी-तिघींनी तसा करून पाहिला. एकीलाही हसू आलं नाही.

आणि मुंग्या गेल्या नाहीत. हे मला सांगायचं आहे, आणि हेच आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. गोठ्यामागे राख टाकायचं काम माझ्याकडे आलं होतं. बैल नव्हते, शेण नव्हतं, गोठा कोरडा ठणठणीत, तरी त्या एका जागी मुंग्यांची रांग. मी सातवी शिकलेली होते. ऊस एकच, रस एकच, पुढे कुणी त्याचा गूळ करतो, कुणी साखर, एवढं कळायला सातवीही लागत नाही. राखेचं सूप हातात धरून मी तिथे उभी राहिले आणि ते माझ्या लक्षात आलं. पुरतं लक्षात आलं.

त्या दिवशी मी सासूबाईंना विचारलं, आत्या, गुळानेही तसंच होत नसेल ना. त्या मिलो निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गूळ औषिद हाय. बाळातिनीला देतो आपन, तिला काय मारायला देतो व्हय?" पुन्हा विचारता आलं असतं. रविवारी नवरा यायचा, त्याला म्हणता आलं असतं की एकदा डॉक्टरला विचारून ये. तेही मी म्हटलं नाही. कांद्यात गूळ नसला तर ते ताट सारणार, आणि बेस झालाय म्हणणार नाहीत, ही मला भीती होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कांदा चिरला आणि खडा घातला.

दिवाळीच्या सुमाराला अंगठा काळा पडला. वास यायला लागला. सासऱ्यांना अजूनही दुखत नव्हतं, म्हणून त्यांनी आठ दिवस कुणाला दाखवलाही नाही. नवऱ्याने पाहिल्याबरोबर गाडी ठरवली आणि आम्ही सगळे नगरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. आठ-नऊ महिने साखरेचा कण तोंडात जाऊ दिला नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं. मग कौतुकाने माझ्याकडे हात केला आणि म्हणाल्या, ही आमची सून रोज त्यांच्यासाठी कांदा करते, घरच्या गुळातला. डॉक्टर लिहायचे थांबले. त्यांनी आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आजी, शरीराला गूळ आणि साखर एकच."

सासूबाईंना ते पटकन समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी नाही म्हणेन अशा आशेने. मी खाली बघितलं.

गुडघ्याखाली पाय कापला. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. फिनाईलचा वास आठवतो आणि सासूबाई आठवतात, त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघायच्या. नंतर त्या पंधरा वर्षं जगल्या. कुणाचाही चहा त्यांनी पुन्हा स्वतःच्या हाताने केला नाही. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही. त्यांनी मला बोल लावला असता तर मी मुंग्यांचं सांगून टाकलं असतं. पण त्या सगळं स्वतःवर घेऊन बसल्या होत्या, आणि मी ते त्यांच्यावर राहू दिलं.

सासऱ्यांना घरी आणल्यावर पहिल्या जेवणाला मी कांदा केला. मीठ, लिंबू, जिरं, मिरची. दुसरं काही नाही. त्यांनी भाकरी मोडली, कांदा तोंडात घातला, सावकाश चावला. आंबट लागतंय असं म्हणाले नाहीत. सगळा कांदा खाल्ला आणि ताटातलं पाणीही भाकरीला लावून घेतलं. मग म्हणाले, ती ढेप आण.

ढेपेचा चौथा हिस्सा उरला होता. मी तो गोणपाटात गुंडाळून माळ्यावर, दिसणार नाही असा ठेवला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या की विहिरीत टाकून ये, पण माझ्याने टाकवला नव्हता. मी ढेप आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी गोणपाट उलगडलं, वास घेतला, नखाने एक कपचा काढला आणि उजेडाकडे धरून पाहिला. मग तो तोंडात न घालता पुन्हा ढेपेवर ठेवला.

"तुमी दोघींनी ह्यातला खाल्ला न्हाई," ते म्हणाले. मला वाटत होतं त्यांना माहीत नसेल. "मी बघत हुतो. काळा चा पीत हुता."

सासूबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"आता खा," ते म्हणाले आणि ढेप माझ्याकडे सरकवली. "माझ्या हातचा ह्यो शेवटचा हाय. सांग कसा उतारलाय."

सासूबाई उठून बाहेर गेल्या. मला जाता येईना, कारण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, गुऱ्हाळात सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायचे तसे. मी तो कपचा उचलला आणि तोंडात घातला. गूळ चांगला उतरला होता, आणि मी त्यांना तसं सांगितलं.