नाही म्हणायची तालीम

कॅशियरबाई बँकेतून निवृत्त झाल्या, पण गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दर शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्या पैशांचा वर्ग घ्यायच्या. तिथे सगळी नुकतीच घडी विस्कटलेली मंडळी: कुणाची नोकरी सुटलेली, कुणाचा संसार मोडलेला. व्याजाचं गणित बाई झटपट उरकायच्या. खरा धडा पुढचा. एकानं नातेवाईक होऊन पैसे मागायचे, दुसऱ्यानं नाही म्हणायचं. "हिशेब सगळ्यांना जमतो," बाई म्हणायच्या, "आपण बुडतो ते भिडेपायी."

यात सगळ्यात कच्ची होती ती शिलाईवाली. नवरा अलीकडेच गेलेला, विम्याचे पैसे आलेले, आणि धाकट्या दिराचा त्यावर डोळा. तालमीत निवृत्त बसड्रायव्हर दीर होऊन खोटंखोटं रडायचा, की ही बया पाघळून खरी पर्स उघडायची. वर्ग हसून लोळायचा. बाई कपाळाला हात लावायच्या, पण मनातून धास्तावायच्या. हे पैसे गेले, तर हिच्या दोन मुलींचं शिक्षण गेलं.

त्या शनिवारी ड्रायव्हर आलाच नाही. आला एक नीटनेटका गृहस्थ, हातात कागद, आणि थेट तिच्यापाशी गेला.

"वहिनी, घरी गेलो तर कळलं तुम्ही इथे आहात. सही तेवढी करा. दादा असता तर मला मागावं लागलं नसतं."

ड्रायव्हरनं बदली माणूस धाडला, असं समजून बाई हरखल्या. "छान. पण आवाजात जरा ओलावा आणा," त्यांनी सुचवलं. "आणि पेन असं नाकासमोर नाचवू नका, संशय येतो."

"डोळे पुसा," मागून कुणीतरी म्हणालं. भांबावलेल्या गृहस्थानं खरंच डोळे पुसले. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

शिलाईवाली उभी राहिली.

"भाऊजी, पैसे मिळणार नाहीत. ते मुलींचे आहेत. सहीसाठी येऊ नका, भेटायला कधीही या."

गृहस्थ लालबुंद होऊन जिना उतरू लागला.

"पुढच्या शनिवारीही या हं," बाई मागून म्हणाल्या, "काम फार जिवंत करता तुम्ही."

"बाई," शिलाईवाली खाली बसत म्हणाली, "ते माझे खरेच दीर होते."

बाईंनी तिला घट्ट मिठी मारली. त्यांना हसूही आवरेना आणि रडूही.

"घरी असते तर सही करून मोकळी झाले असते," ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली. "इथे तुम्ही सगळे हसत होतात, म्हणून भीती वाटली नाही."