मण्यांची पाटी

"हितं वाजवून बघा, गुरुजी. आवाज येतो का? नुसता दगड!"

असं म्हणून तो बोटाचं पेर स्वतःच्या कपाळावर टकटक वाजवायचा आणि आपणच पहिला हसायचा. मग समोरचा हसायचा. मीही हसत आलो, पन्नासाहून जास्त वर्षं. आज अठ्ठ्याहत्तरी गाठल्यावर लिहायला बसलोय ते त्या हसण्याबद्दलच. इतकी वर्षं हे सांगायचं मी टाळलं. कुणी विचारलं नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं की यात मी फारसा चांगला दिसत नाही.

आष्टी-पाटोद्याकडच्या एखाद्या लग्नात तुम्ही पंगतीला बसला असाल, तर त्याच्या हातची शिपी आमटी तुम्ही ओरपलेली असणार. पातळ, लालभडक, पहिल्या घोटाला ठसका आणि दुसऱ्याला कपाळावर घाम. तरी नाक ओढत "वाढा, वाढा" म्हणणाऱ्यांत तुम्हीही असाल. मांडवामागं चुलवणाशी लांब दांड्याची पळी घेऊन उभा असलेला काटकुळा, हसरा आचारी पाहिला असेल, तर तोच तो.

पंगती किती उठल्या, हे तो कधी कुणाला विचारत नसे. मांडवाच्या तोंडाशी जायचा, चपलांच्या ढिगाकडं एकदा बघायचा आणि परत येऊन सांगायचा, "आजून साडेतीनशे हायेत. दोन घागरी आदण वाढवा." शेवटच्या पंगतीला पातेल्याच्या तळाशी जेमतेम त्याच्या वाटणीची आमटी उरलेली असे.

"चपलांवरून कसं कळतं रे तुला?" मी एकदा विचारलं.

"मला काय कळतंय, गुरुजी. चपलाच सांगत्यात."

आणि टकटक.

आता मूळ गोष्ट. मी बावीस वर्षांचा होतो, पहिलीच नेमणूक, एकशिक्षकी शाळा. तिसरीत दोन सख्खे भाऊ होते. थोरला वर्षाने मोठा, पण धाकट्याला सोबत हवी म्हणून उशिरा शाळेत घातलेला. एक दिवस त्यांचे वडील दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "गुरुजी, दोघांला शिकवणं मला झेपत न्हाई. एक शेळ्यांमागं लागंल. कोन शिकंल ते तुमी सांगा."

मी फळ्यावर दहा गणितं लिहिली. दोघांनी ती सोडवली, पाट्या टेबलावर ठेवल्या आणि पाणी प्यायला पळाले. थोरल्याची पाटी जुनी, तिच्या वरच्या चौकटीत तारेवर रंगीत मणी ओवलेले. धाकट्याची नवी कोरी. त्या काळात मी पोरांना नावांपेक्षा पाट्यांवरूनच जास्त ओळखायचो. नव्या पाटीवर नऊ गणितं बरोबर होती. मण्यांच्या पाटीवर दोन.

"धाकटा हुशार आहे," मी वडिलांना म्हणालो. "थोरला दगड आहे."

पहिल्या वाक्यावर काम भागलं असतं. दुसऱ्याची काही गरज नव्हती. पण गावाने उचललं ते दुसरंच.

दहा-बारा दिवसांनी मी धाकट्याला फळ्यापाशी उभा केला. साधी हातच्याची बेरीज. तो खडूकडं बघत राहिला.

"अरे, त्या दिवशी एवढी गणितं सोडवलीस ना?"

"म्या न्हाई, गुरुजी. मला दोनच आली. मनी मोजून बी दोनच." मग डोळे पुसत म्हणाला, "मी दादाची पाटी घेतलती ना. मन्यांसाठी."

संध्याकाळी मी तडक त्यांच्या घराकडं निघालो. वडील पारावर चौघांत बसले होते. मी तोंड उघडायच्या आतच ते ओरडले, "या, गुरुजी! तुमच्या एका शब्दानं माझा घोर मिटला. ह्यो दगड शेळ्यांमागं लई खूश हाय बगा!" तेवढ्यात थोरला शेळ्या घेऊन आला. माझ्याकडं बघून त्याने पहिल्यांदा कपाळावर पेर वाजवलं. टकटक. सगळा पार हसला. दहा दिवसांत त्याला तेवढं जमलं होतं.

मी चहा प्यायलो आणि परत आलो. गुरुजीच चुकतो हे कळलं, तर उद्या आपलं कोण ऐकेल, असं वाटलं. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. पुढच्या वर्षी माझी बदली पाटोद्याला झाली, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

धाकट्यालाही ते सुखाचं गेलं नाही. हुशारी त्याच्या डोक्यावर वडिलांच्या फेट्यासारखी बसली, सारखी कानांवर घसरणारी आणि चारचौघांत काढता न येणारी. तिसऱ्या खेपेला दहावी झाला, तालुक्याला एका कचेरीत चिकटला. सगळा गाव त्याला "साहेब" म्हणायला लागला. थोरला, एव्हाना शेळ्या सोडून लग्नांतला आचारी झालेला, तर सगळ्यांत आधी.

मी पुन्हा त्या गावी बदलून आलो, घर बांधून कायमचा राहिलो, तेव्हाची एक सभा आठवते. दुष्काळ होता. दोन वाड्या आणि गाव मिळून टँकरच्या किती खेपा लागतील, हे वरच्या कचेरीला कळवायचं होतं. सगळ्यांनी साहेबाकडं माना वळवल्या. साहेबाने कागद घेतला, पेन घेतलं, चष्मा पुसला. पुन्हा चष्मा पुसला. थोरला चहाचा ट्रे घेऊन फिरत होता. बशी पुढं करत सहज म्हणाला, "साहेब सकाळी म्हनत व्हता, जनावरं धरून सात खेपा. हाय ना रं?"

"हो, सातच," साहेब म्हणाला.

सात खेपा बरोबर पुरल्या. गाव साहेबाची तारीफ करत राहिलं. ट्रे घेऊन परत जाताना आचाऱ्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू त्यानेही तो आकडा नुकताच ऐकला होता.

माझ्या मुलीच्या लग्नात मी सामानाची यादी स्वतः केली. जन्मभर गणित शिकवलेला माणूस. आठशे पानं, चाळीस किलो तूरडाळ, खाली दोन रेघा. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला.

"कागुद बरोबरच असंल. मी आपला दगड. पर डाळ पंचावन्न किलो आना."

"कशासाठी?"

"लगीन बाजारच्या दिशी धरलंया, गुरुजी. बाजार करून येनारी मानसं तुमच्या दारावरनंच जानार. वास आल्यावर कोन पुढं जातंय?"

मी हट्टाने चाळीसच आणली. त्याने उरलेली पंधरा मला न विचारता दुकानातून उचलून आणली. आमटी शेवटच्या पंगतीला पुरली, आणि मी व्याह्यांपुढं ताठ मानेने फिरलो.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तो अंगणात डाळ निवडत होता. मी शेजारी बसलो. एकदम म्हणाला, "एक गंमत सांगू का? कुनाला बोलू नका. तुमी ती परीक्षा घेतलती ना, तवा आमी पाट्या बदलल्या व्हत्या. साहेबाला मनी पायजे व्हते. तर त्याच्या पाटीवर माझी समदी गनितं आली, एक सोडून!"

तो हसत होता.

"आता माझ्या डोक्यात कुठली आल्यात गनितं? पाटी हुशाराची व्हती. पाटीला सवय असंल! पर तुमी फसला न्हाई, गुरुजी. पयल्यांदा मला वळखलं ते तुमीच. न्हाईतर बापानं मला साळंत घालून वाया घालवला असता."

वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "आमटीचं मीठ बघ रे नीट."

"मीठ? आवो, आजून डाळ निवडतोय मी!"

आणि दोघंही हसलो.

या उन्हाळ्यात तो अंथरुणाला खिळला. मी काठी टेकत गेलो, यावेळी सांगायचंच असं ठरवून, दोन वाक्यं वाटेभर घोकत. खाटेवर तो एवढासा झाला होता, पण नजर दाराकडं.

"भायेर किती जोड हायेत बगा, गुरुजी. पावन्यांला चहा टाकायचाय."

मी उंबऱ्यात जाऊन मोजून आलो. "अकरा."

"सवताला धरलं का?"

माझ्या चपला मी धरल्या नव्हत्या.

"बारा," मी म्हणालो.

"सवताला धरायचं इसरता तुमी," तो म्हणाला. पेर कपाळापर्यंत न्यायचा प्रयत्न केला, हात अर्ध्यातूनच खाली आला. मी खुर्ची जवळ ओढली. तेवढ्यात चहा आला, चहामागोमाग माणसं आली, साहेब आला. मी कप रिकामा केला आणि उठलो.

चार दिवसांनी तो गेला.

तेराव्याला तालुक्याहून आचारी आणला होता. दुसऱ्याच पंगतीला आमटी संपली. वाढपी रिकाम्या बादल्या घेऊन एकमेकांकडं बघत होते. साहेब मांडवाच्या तोंडाशी चपलांच्या ढिगाकडं बघत उभा होता. माझ्याकडं वळून म्हणाला, "गुरुजी, दादाला कसं कळायचं हो? तसा तर दगडच होता."

ढिगातून माझे जोडे शोधून घरी आलो.

वाटेभर घोकलेली ती दोन वाक्यं अजून तोंडपाठ आहेत. साहेबा, हे वाचशील तेव्हा ती तुझ्या दादाच्या फोटोपुढं, त्यालाच उद्देशून, मोठ्याने वाच. नऊ गणितं तुझी होती, बाळा. दगड मी होतो.