रोझरीनंतरची गिटार

दोह्यात अल गराफाला घरी परतताना मुलाने गाडीत त्या ब्रिटिश रॉक बँडचं जुनं गाणं लावलं. मधली कित्येक वर्षं त्यांना कुणी विचारत नव्हतं. आता तेच म्हातारे पुन्हा एकत्र आलेत आणि त्यांची तिकिटं मिळत नाहीत. माझं मात्र डोकं तापलं.

वसईत मी शाळेत असताना त्यांचा गायक भांडून निघून गेला आणि बँड फुटला. "आता कोण ऐकतंय त्यांना?" म्हणत पपांनी माझ्याकडच्या त्यांच्या एकुलत्या एका कॅसेटवर पुन्हा भरता यावं म्हणून तिच्या खाचांवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर स्वतःच्या आवाजात रोझरी भरली. ते रात्रपाळीला गेले तरी घरात प्रार्थना चुकू नये म्हणून! पण रोझरी कॅसेटला पुरली नाही. रोज संध्याकाळी शेवटच्या आमेननंतर जरा खरखर व्हायची आणि पुसायचा राहिलेला याच गाण्याचा शेवट वाजायचा. तेवढ्या गिटारीसाठी मी गुडघे टेकून बसायचे, आतून धुमसत.

आज मागच्या सीटवर, आमच्याकडे दोह्याला आलेल्या पपांनी बोटांनी ताल धरला. "हा शेवट मी कुठेतरी ऐकलाय."

"तुमच्या रोझरीनंतर, पपा. माझ्या कॅसेटवर."

"अस्सं? एवढं छान होतं, तर पुसलंस कशाला गं?"