बांधील तो आधी चढेल

सौदीतल्या धाहरानजवळच्या बांधकामाच्या साइटवर मी नवाकोरा सेफ्टी इन्स्पेक्टर होतो. पहिल्याच दिवशी फुशारकीनं परांचीचा एक क्लॅम्प स्वतः आवळून दाखवला.

"आता चढा, इंजिनेर," फोरमन दाऊदचाचा म्हणाले. दुसऱ्या फळीपर्यंत माझी गाळण उडाली. खाली अख्खी गँग खिदळत होती.

"बांधील तो आधी चढेल" हा रत्नागिरीच्या या माणसाचा कायदा. चहा बिघडवणाऱ्यानं अख्खी किटली प्यायची. दुसऱ्याच्या पायावर पाना पाडणाऱ्यानं तोच पाना आपल्या पायावर घ्यायचा, "तेवढ्याच उंचीवरना. कमी नाय, जास्ती पण नाय."

मी विद्वत्ता पाजळली. "चाचा, चार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या राजाचा असाच कायदा होता. घर कोसळून मालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारायचं."

चाचा चिडलेच. "पोरान काय बांधला होता? अडाणी होता तुझा राजा!"

परांचीचा प्रत्येक क्लॅम्प हातानं तपासायचा, मगच चढायच्या परवानगीच्या हिरव्या कार्डावर सही करायची, हे मी दर रविवारी सगळ्यांना घोकून दाखवायचो. एका रणरणत्या दुपारी मात्र गाडीच्या एसीत बसूनच सही ठोकली. एक क्लॅम्प तडकलेला होता. चाचा नेहमीप्रमाणे आधी चढले.

त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चौकशीत मी म्हणालो, "सर, मी सगळं तपासलं होतं." इतकं अस्खलित इंग्रजी मी आयुष्यात बोललो नव्हतो. दोष बांधणाऱ्यावर, म्हणजे चाचांवरच गेला. चाचांचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, रद्द झाला; कायमचं देश सोडायचा फायनल एक्झिट लागला.

ते जायच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलात गेलो. "चाचा, चूक माझी होती. तुमच्या कायद्यानं काय ती शिक्षा द्या. नाहीतर उद्या साहेबांना खरं सांगतो."

"सांगणारा असतास तर तेव्हाच सांगितला असतास," चाचा म्हणाले. "शिक्षा दिली का तू मोकळा. घरी जाशील, पोटभर जेवशील. तुला मोकळा नाय करायचा मला."

पलंगाखाली कंपनीच्या नव्या सेफ्टी बुटांचा जोड होता. त्यांनी उजव्याकडे बोट दाखवलं. "तो तेवढा घेऊन जा. मला काय करायचाय?"

मी तो उचलला.

साहेबांना मी दुसऱ्या दिवशी काही सांगितलं नाही. आजतागायत नाही. बूट मात्र एकदा दार लावून घालून पाहिला. मापात बसतो.