रिलीव्हर आल्याशिवाय

बोईसरच्या आमच्या केमिकल कारखान्यात पाळी संपली तरी लगेच निघता येत नाही. आपल्या जागेवर येणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर उभा राहिल्याशिवाय रिअॅक्टर सोडायचा नाही. तो आलाच नाही तर पुढची पाळीही आपलीच. तिला आम्ही डबल म्हणतो.

गेल्या वर्षी प्रादेशिक सेनेच्या, म्हणजे टेरिटोरियल आर्मीच्या, भरतीचा फॉर्म हाती आला. नोकरी सोडायची नव्हती, वर्षातले दोनेक महिने गणवेशात काढायचे होते. वयाच्या अटीत मी जेमतेम बसत होतो. पुढच्या वर्षी बसणार नव्हतो. घरातला मी पहिला पदवीधर. आश्रमशाळेने जेवू घातलं, शिष्यवृत्तीवर पालघरच्या कॉलेजात शिकलो, तिथल्या छात्रसेनेत आयुष्यातले पहिले बूट घातले. वर्षाच्या शेवटी ते परत द्यावे लागले. ज्या देशाने आपल्याला उभं केलं त्याच्यासाठी कधीतरी उभं राहावं, असं तेव्हापासून मनात होतं. मोठ्याने म्हणायला संकोच वाटतो, पण खरं आहे.

कारखान्याचं ना-हरकत पत्र बऱ्याच खेपांनी मिळालं. पहिली पाळी सुटली की चिंचणीच्या किनाऱ्यावर जाऊन पळायचो. उभ्याने आठ तास काढलेले पाय वाळूत रुतायचे. एकदा बसलो की उठवत नसे.

माझे रिलीव्हर साताऱ्याकडचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणतो.

"काय जवान, काल किती पळालास?"

"दीड किलोमीटर, दादा. मग बसलो."

"शत्रूला कळवून ठेव, दीडच्या पुढे येऊ नको म्हणून."

मग हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाले, "तू जा रे. दोन महिने तुझ्या जागी मी डबल करीन."

माझी सगळी रजा दरवर्षी भाताच्या आवणीसाठी राखलेली असते. सफाळ्याच्या आत, डोंगराकडेला आमचा पाडा आहे. तिथे रोपं लावायला मजूर कोणी लावत नाही. आज सगळे आमच्या शेतात, उद्या आम्ही त्यांच्या. दर घरचा एक माणूस. ज्या घरचा माणूस येत नाही त्यांच्या शेतावर कोणी जात नाही. भांडण नसतं, नुसते जात नाहीत. बाबांची नजर गेल्यापासून आमच्या घरचा माणूस मी. आणि भरती झाल्यावरचं प्रशिक्षण होतं पुढच्या पावसाळ्यात, ऐन आवणीत.

त्या वर्षीच्या आवणीला घरी गेलो तेव्हा हे सांगितलं. बाबा म्हणाले, "तू जा. आवणी काय, दरसालची हाय. तुझी आई जाईल."

"जाईन ना," आई म्हणाली. "मी काय म्हातारी झालीय? यंदाच येते, बघ."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी चिखलात उतरली. थोडा वेळ हात झपाझप चालले. मग कंबरेवर हात ठेवून ती उभी राहिली, डोंगराकडे तोंड करून, आम्हाला दिसू नये म्हणून. पलीकडच्या बाईने आईच्या वाट्याची पट्टी लावून टाकली. आई परत वाकली तेव्हा तिच्यापुढे लावायला जागाच उरली नव्हती.

कोणी अडवलं असतं तर मी भांडून गेलो असतो. इथे सगळेच जा म्हणत होते. मी देशासाठी उभा राहणार, आणि माझ्या जागी दादा आणि आई उभे राहणार होते. त्यांच्यासाठी रिलीव्हर कोण?

फॉर्मची शेवटची तारीख पहिल्या पाळीत गेली. तीन वाजता दादा आले.

"काय जवान, भरलास का फॉर्म?"

"नाही, दादा."

त्यांनी तापमानाचा काटा पाहिला, लॉगबुक ओढून सही केली.

"मग उद्या तासभर थांबशील? डॉक्टरकडे जायचंय. छातीत भरल्यासारखं होतंय कधीचं."

"थांबतो," मी म्हणालो, आणि कंपनीच्या बसकडे निघालो. त्या दिवशी न पळताच पाय भरून आले होते.