पाय हलवू नयेत

डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकायला सोपं होतं. खुर्चीत पाठ टेकून बसायचं. एक पाय गुडघ्यातून हळूहळू सरळ करायचा, दहा आकडे मोजेपर्यंत तसाच धरायचा, तितकाच हळू खाली आणायचा. असं दहा वेळा, मग दुसरा पाय. गुडघा सुजून गरम लागला तर त्या दिवशी सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळीही ठणकत राहिला तर काल जास्त झालं असं समजायचं. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पण चालणं सोडायचं नाही. नगरच्या त्या हाडांच्या डॉक्टरांनी कागदावर खुर्चीत बसलेली बाईसुद्धा काढून दाखवली.

"मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार कमी होतो, बाई. गोळ्यांनी नुसतं दुखणं झोपतं," ते म्हणाले.

सोपं कसलं, डोंबल! त्यांना काय माहीत, शेवगावातल्या आमच्या घरात खुर्ची एकच होती आणि ती मामंजींची होती. सासरे रिटायर झालेले मास्तर. त्या खुर्चीत बसून ते पेपर वाचत. बाकी आम्ही सगळे सतरंजीवर. सुनेनं खुर्चीत बसायचं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, माझ्यासुद्धा.

मी तेव्हा चाळिशीच्या आत होते. आठ-नऊ किलोमीटरवरच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवायला जायचे. एसटीची पहिली पायरी इतकी उंच, की ती बांधणाऱ्याच्या घरात बायका नसाव्यातच. कंडक्टर वरून हात द्यायचा, "द्या बाई हात, लई वेळ व्हायला लागलाय," आणि सगळ्या गाडीसमोर मला गोणीसारखी वर ओढायचा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सासूबाईंचं म्हणणं एकच. "झेपत नाही तर सोड नोकरी. घरात काय कमी आहे?"

घरात काही कमी नव्हतं. फक्त माझं म्हणावं असं काही नव्हतं. माझी होती ती शाळा, आणि गुडघा गेला की शाळा गेली, हे मला पक्कं ठाऊक होतं. शाळेत व्यायाम करावा, तर वर्गाला दार नव्हतं. साडी सावरून पाय उचलणारी बाई गावाला महिनाभर पुरली असती.

म्हणून सकाळी मामंजी अंघोळीला गेले की मी हळूच त्यांच्या खुर्चीत बसायला लागले. तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी पाहिलं.

"अगं बाई! एक तर त्यांच्या खुर्चीत, आणि वर पाय हलवतेस? बसल्या जागी पाय हलवू नयेत, घरातली लक्ष्मी जाते."

"आई, हलवत नाही, उचलतेय. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर येणार आहेत का आमचं घर सांभाळायला?"

आमचे हे पलीकडे दाढी करत होते. यांनीच मला नगरला नेलं होतं, तो कागद यांच्याच खिशातून घरी आला होता. आरशातून बघत म्हणाले, "जरा जपून गं." कुणाला जपायचं, गुडघ्याला की आईला, ते यांचं यांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी अंघोळीला जाण्याआधी मामंजींनी स्वतः खुर्ची उचलली आणि मधल्या खोलीत नेऊन ठेवली. देव्हाऱ्याकडे पाय होऊ नयेत म्हणून जरा फिरवली. मला म्हणाले, "दार लोटून घे." एवढंच. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, त्या घरात माझ्यासाठी कुणी काही हलवल्याचं मला आठवत नव्हतं. त्या दिवशी मला दहापर्यंत नीट मोजताच आलं नाही.

पहिला महिना काही फरक पडला नाही. एकदा हावरेपणानं दुप्पट केलं, तर दोन दिवस गुडघा भाजक्या वांग्यासारखा गरम. मग शहाणपणानं घेतलं. आणि दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या सकाळी दांडा धरून मी माझी मी वर चढले.

"आरं तिच्या!" कंडक्टर म्हणाला. "बाई, आज एकट्याच?"

"व्हय," मीही म्हटलं. गाडी हसली. त्या दिवशी तिसरीच्या वर्गाला मी विनाकारण गोष्ट सांगितली.

संक्रांतीनंतर आठवडाभरात मामंजी गेले. सकाळची वेळ, ते अंघोळीला गेलेले, मी खुर्चीत. उजवा पाय वर होता आणि मी सहापर्यंत आले होते, तेव्हा न्हाणीघरात तांब्या वाजला. नुसता पडल्यासारखा नाही, घरंगळत गेला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांचं हृदय कमजोर आहे हे डॉक्टर दोन वर्षं सांगत होते.

समाचाराला बायका आल्या. सासूबाई रडता रडता म्हणाल्या, "रोज त्यांच्याच खुर्चीत बसून पाय हलवायची. मी कानीकपाळी ओरडत होते."

सगळ्या बायकांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी ते साडीखाली ओढून घेतले. हे तिथेच बसले होते, मान खाली घालून. 'आई, डॉक्टरांनी सांगितलं होतं.' चार शब्द! चार शब्द यांच्या तोंडून फुटले नाहीत. ते मी यांना अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

तेराव्याला शय्यादान झालं. गादी, छत्री, चपला, आणि सोबत खुर्चीही. खुर्ची द्यावीच असं कुठल्या शास्त्रात आहे, मला माहीत नाही. गुरुजींच्या हातगाडीवर ती उलटी बांधून गेली.

खरं सांगायचं तर मला कुणी 'बंद कर' म्हणालं नाही. ग्रहण म्हणजे सावली, असं फळ्यावर काढून शिकवणारी बाई मी. वर्ग रिकामा असताना शाळेच्या स्टुलावर दोनदा प्रयत्न केला. सहा म्हटलं की तांब्या वाजायचा. मी सोडून दिलं.

मग पुन्हा कंडक्टरचा हात. मग खालून कुणीतरी रेटायचं. एकदा स्टँडवर पायरीवरून पडले, डबा उघडून पोळ्या धुळीत गेल्या. आणखी दोन वर्षं रेटलं आणि राजीनामा दिला. "बरं झालं," सासूबाई म्हणाल्या.

वर्षभरात त्यांचे गुडघे धरले. एरंडाची पानं झाली, लेप झाले, मग नगर. तेच डॉक्टर, तोच व्यायाम, कागदावर तीच बाई. त्याच संध्याकाळी हे हात असलेली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले आणि बाहेरच्या खोलीत मधोमध मांडली. लक्ष्मीचं नाव कुणी काढलं नाही. सासूबाई आकडे चुकायच्या, म्हणून मोजायला मी. रोज समोर सतरंजीवर पाय लांब करून बसायचे आणि मोजायचे.

महिनाभरानं एका सकाळी, पाय वर धरलेला असतानाच, त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, खरंच उतरलं की गं दुखणं! तूही करायचीस ना हे? मग सोडलंस का?"

टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. टोमणा नव्हता. त्या खरंच विसरल्या होत्या. यांनी पेपरातून मान वर केली नाही. सासूबाईंचा पाय हवेत थरथरत होता, आणि मी सहापर्यंत आले होते.

"सात," मी म्हटलं.