उभा जोड
वेल्डिंगचा रॉड चिकटून करपल्याचा वास आला, की मला आयटीआयतला परीक्षेचा दिवस आठवतो. वर्गात मुलगी मी एकटीच. त्या दिवशी दोन लोखंडी पट्ट्या उभ्या धरून जोडायच्या होत्या, आणि त्याच दुपारी आमच्या गावी, बेळगुंदीला, मला बघायला पाहुणे येणार होते. वडील, म्हणजे आमचे आप्पा, मोटारसायकल घेऊन फाटकाशी उभे होते. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रॉड सारखा चिकटत होता, हातमोज्यात घाम साचला होता, वितळलेलं लोखंड खाली ओघळत होतं. शेवटी आप्पा आतच आले. "चल गं, पावणं वाट बघाय लागल्यात." मी म्हटलं, "अजून झालं न्हाय, आप्पा." आमचे सर कानडी. त्यांनी काळ्या काचेची ढाल आप्पांच्या हातात दिली आणि म्हणाले, "आप्पा, हे डोळ्याला धरा, मग बोला." मी रॉड टेकवला. जाळ तुटू न देता तळापासून वर सरकत गेले. जोडाचा पहिला थर पुरा झाला तरी आप्पांनी ढाल खाली घेतली नाही. मग बाहेर जाऊन त्यांनी घरी फोन लावला, "पोरीची परीक्षा चाललीया. थांबत असतील तर थांबू देत." पाहुणे थांबले नाहीत. परतताना आप्पा रागावलेत की काय, ते मला त्यांच्या पाठीवरून कळेना. गाव जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "लई उजेड हुता की गं त्यो." आता मी मच्छे गावातल्या एका कारखान्यात वेल्डर आहे. उभे जोड माझ्याकडेच देतात, आणि प्रत्येक वेळी रॉड टेकवण्याआधी जीव तसाच वरखाली होतो.